पैसे बुडाले म्हणजे फसवणूक झाली का? फौजदारी कायदा, व्यवहारातले गुन्हे आणि तुमच्या फोनमधला पुरावा

आपण एरवी इथे अॅप, फोन आणि कोडिंगबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटी तो येऊन थांबतो आपल्या फोनवरच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडची गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये माझ्या काकांनी ४२ क्विंटल सोयाबीन एका व्यापाऱ्याला दिलं. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात मिळत होते चार हजारांच्या आसपास. हा माणूस दारात येऊन ४,३०० देतो म्हणाला. काकांनी आधी १८ क्विंटल दिलं, ‘पैसे आठ दिवसांत’ या बोलीवर. आठ दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट आला: ७७,४०० रुपये एनईएफटीने पाठवले. काका खूश झाले आणि त्याच संध्याकाळी उरलेलं २४ क्विंटलही मेटॅडोरमध्ये भरून दिलं. बँकेत मात्र एक रुपया आला नाही. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्याचं शटर बंद, फोन बंद. एकूण १,८०,६०० रुपये अडकले.

काका पोलीस ठाण्यात गेले. तिथे सांगितलं गेलं, ‘हा उधारीचा वाद आहे. दिवाणी मॅटर आहे. कोर्टात जा.’

काकांनी मला पुण्याला फोन केला. ‘तू कम्प्युटरवाला हायस ना बाप्पा, मंग सांग मले. माह्यी फसवणूक झाली का नाही झाली?’

मला वाटलं, उत्तर सोपं आहे. झालीच ना! पण कायदा वाचायला बसलो तेव्हा कळलं की उत्तर सोपं नाही. एकाच व्यवहाराचा अर्धा भाग उधारी असू शकतो आणि अर्धा भाग गुन्हा. हा फरक कसा ठरतो, तेच आज समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगतो: मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तुमच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्याच. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं आणि काय घेऊन जायचं, एवढं या लेखातून नक्की कळेल.

दिवाणी आणि फौजदारी: फरक काय?

दिवाणी प्रकरणात प्रश्न असतो, ‘कोणाचे किती पैसे कोणाकडे निघतात?’ दावा तुम्ही लावता, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर वसुली होते. फौजदारी प्रकरणात प्रश्न असतो, ‘या माणसाने गुन्हा केला का?’ इथे खटला सरकार चालवतं, कारण गुन्हा हा संपूर्ण समाजाविरुद्धचा मानला जातो. शिक्षा तुरुंगवास किंवा दंड.

पुराव्याचं मापही वेगळं आहे. दिवाणीत ‘कोणाची बाजू जास्त शक्य वाटते’ एवढं पुरतं. फौजदारीत वाजवी शंकेला जागा न राहता गुन्हा सिद्ध करावा लागतो. तोवर आरोपी निर्दोष मानला जातो. म्हणून ‘पैसे दिले नाहीत’ हे दिवाणीत पुरेसं आहे, फौजदारीत नाही.

आणि हो, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हटलं म्हणजे फौजदारीचं दार बंद झालं, असं अजिबात नाही.

गुन्ह्याचे दोन भाग: कृती आणि हेतू

ज्यांना कोडिंग येतं त्यांच्यासाठी सोपं उदाहरण. गुन्हा म्हणजे दोन अटींचं ‘आणि’. पहिली अट, कायद्याने मना केलेली कृती घडली पाहिजे. दुसरी अट, ती करताना मनात तसा हेतू पाहिजे. दोन्ही अटी खऱ्या असतील तरच उत्तर ‘गुन्हा’. दुसऱ्याची छत्री चुकून आपली समजून घेऊन गेलात तर कृती आहे, हेतू नाही. शेजाऱ्याची छत्री पळवायचं नुसतं मनात आलं तर हेतू आहे, कृती नाही. दोन्ही वेळा चोरी झालेली नाही.

याला अपवाद आहेत. काही कायद्यांत हेतू बघितलाच जात नाही. १९६२ मध्ये मुंबई विमानतळावर एक परदेशी प्रवासी ३४ किलो सोन्यासह सापडला. तो झुरिकहून मनिलाला चालला होता, मुंबईत विमान फक्त थांबलं होतं. सोनं विमानाच्या कागदपत्रांत जाहीर करायलाच हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नवा आदेश चारच दिवसांपूर्वी राजपत्रात छापून आला होता. ‘मला नियम माहीतच नव्हता’ असं त्याचं म्हणणं होतं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. परकीय चलनाच्या त्या कायद्यासाठी हेतू सिद्ध करायची गरज नाही, असं बहुमताने ठरलं. कर, परवाने, भेसळ अशा बऱ्याच नियमांत आजही असंच असतं. धंदा करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

फसवणूक, अपहार, चोरी या गुन्ह्यांत मात्र अप्रामाणिक हेतू लागतोच.

चोरी, विश्वासघात, फसवणूक: तीन वेगळे गुन्हे

बोलताना आपण सगळ्यालाच ‘फसवलं’ म्हणतो. कायदा मात्र एक प्रश्न विचारतो: वस्तू समोरच्याच्या हातात गेली कशी?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आधीच्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात. आता नवीन कलमांसह बघू.

चोरी, कलम ३०३: तुमच्या संमतीशिवाय वस्तू उचलली. रात्री खळ्यावरून सोयाबीनची पोती नेली तर ही चोरी.

अपहार, कलम ३१४: वस्तू हातात आली ती निर्दोषपणे, पण नंतर नियत फिरली. एखाद्याने चुकीचा नंबर टाकल्यामुळे तुमच्या खात्यात यूपीआयने २०,००० रुपये आले. यात तुमचा काही दोष नाही. पण ते आपले नाहीत हे कळूनही खर्च करून टाकले तर हे कलम लागू शकतं. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं.

विश्वासघात, कलम ३१६: वस्तू तुम्हीच विश्वासाने सोपवली, पण मालकी तुमचीच होती. पोत करायला सोनाराकडे सोनं दिलं आणि त्याने ते परस्पर विकलं. गोदामात सोयाबीन ठेव म्हणून ठेवलं आणि गोदामवाल्याने ते विकून खाल्लं. नोकराने गल्ल्यातले पैसे वळवले, तेही याच कलमात. साधी शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पण बँकर, व्यापारी, दलाल किंवा सरकारी नोकर यांनी त्या नात्याने सोपवलेल्या मालाचा विश्वासघात केला तर दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत.

फसवणूक, कलम ३१८: इथे वस्तू तुम्हीच राजीखुशीने देता, पण ती खुशी खोटं सांगून मिळवलेली असते. जुनं प्रसिद्ध ‘४२०’ कलम आता ३१८ चं चौथं उपकलम झालंय. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड.

याशिवाय खोटे हिशेब लिहिले तर कलम ३४४, बनावट कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद तयार केली तर ३३६, आणि ती खरी म्हणून वापरली तर ३४०. काकांना आलेला स्क्रीनशॉट आठवतोय ना? त्याकडे आपण परत येऊ.

बियाणं चुकीचं पेरलं तर पीक येत नाही

बरेच लोक तक्रारीत फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमं एकदम लिहितात. ‘एक नाही तर दुसरं लागेल’ असा हिशेब असतो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात यावर स्पष्ट सांगितलं.

तिथला वाद आपल्याकडच्यासारखाच होता. एक पुरवठादार वर्षानुवर्षं रेस क्लबला घोड्यांचा चारा आणि ओट्स देत होता. सुमारे ९ लाख रुपये थकले, म्हणून फौजदारी तक्रार झाली. न्यायालय म्हणालं की माल विकला म्हटल्यावर मालकी खरेदीदाराची झाली. मग ‘सोपवणं’ राहिलंच कुठे? म्हणजे विश्वासघात नाही. फसवणूक म्हणायची तर सुरुवातीपासून खोटा हेतू दाखवावा लागेल. आणि एकाच व्यवहारात, त्याच गोष्टींवरून, दोन्ही गुन्हे एकत्र असू शकत नाहीत. कारण फसवणुकीत नियत पहिल्यापासूनच वाईट असते, तर विश्वासघातात वस्तू आधी सरळपणे सोपवलेली असते. ती फौजदारी कारवाई रद्द झाली.

काकांचं प्रकरण यावर तपासू. सोयाबीन विकलं होतं, ठेवायला दिलं नव्हतं. म्हणजे विश्वासघात बाद. राहिली फसवणूक.

खरा प्रश्न: हेतू कधीचा?

फसवणुकीत सगळा खेळ वेळेचा आहे. माल घेताना, म्हणजे अगदी त्या क्षणी, पैसे न देण्याचा हेतू होता का? की घेताना नियत साफ होती, पण नंतर भाव पडले, धंदा बुडाला आणि देणं जमलं नाही? पहिलं असेल तर गुन्हा, दुसरं असेल तर दिवाणी वाद. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या हृदय रंजन वर्मा निकालात हेच म्हटलंय: नुसता करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, व्यवहाराच्या सुरुवातीलाच खोटा हेतू पाहिजे.

हे बरोबरही आहे. नाहीतर दुष्काळात कर्ज थकलेला प्रत्येक शेतकरी आणि तोट्यात गेलेला प्रत्येक दुकानदार तुरुंगात गेला असता. कर्जबाजारी होणं हा गुन्हा नाही, ही ढाल आपल्याही कामाची आहे.

पण मनात डोकावायचं कसं? मशीन तर नाही. न्यायालय वागण्यावरून अंदाज बांधतं. माल घेताना नाव-पत्ता खोटा दिला का? एकाच आठवड्यात दहा गावांतून माल उचलला का? घेतलेला माल लगेच कमी भावात रोखीने विकला का? पैसे दिल्याचा खोटा पुरावा दाखवला का?

आता काकांच्या व्यवहाराचे दोन तुकडे करा.

पहिले १८ क्विंटल ‘आठ दिवसांत देतो’ या शब्दावर गेले. एवढ्याने फसवणूक सिद्ध होणं कठीण. उधारीवर माल घेणं हा रोजचा धंदा आहे.

दुसरे २४ क्विंटल मात्र गेले ते स्क्रीनशॉट बघून. पैसे पाठवलेले नसताना ‘पाठवले’ म्हणून दाखवलं, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून काकांनी माल दिला. खोटं आधी, माल नंतर. हा क्रम जुळला की फसवणुकीचे सगळे भाग जुळतात. आणि दुसऱ्या मालाच्या वेळी असं वागलेल्या माणसाची पहिल्या वेळची नियतही मग संशयाने बघितली जाते.

काकांनी ठाण्यात काय सांगितलं होतं? ‘सोयाबीन नेलं, पैसे देत नाही.’ स्क्रीनशॉटचा उल्लेखच नव्हता! समोरच्या अंमलदाराला ऐकू आली ती फक्त उधारी.

स्क्रीनशॉट खोटा आहे हे कसं ओळखायचं?

इथे माझ्या कामाची गोष्ट आली. बँकेच्या प्रत्येक व्यवहाराला एक संदर्भ क्रमांक असतो. एनईएफटीचा यूटीआर क्रमांक १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक १२ आकडी. काकांच्या स्क्रीनशॉटवर लिहिलं होतं एनईएफटी, पण क्रमांक होता १२ आकडी. बनवणाऱ्याने दुसऱ्याच कुठल्या तरी पावतीवरचा आकडा चिकटवला असावा.

पण आकडे मोजत बसण्यापेक्षा सोपा नियम सांगतो: समोरच्याचा स्क्रीनशॉट बघू नका, स्वतःचं खातं बघा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं आणि दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये पैसे पुढे जातात. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या जमा होतील’ असं कोणी म्हणालं तर माल उद्याच द्या.

‘मी तर फक्त कार्ड वापरलं’: कॉसमॉस बँकेचा धडा

व्यवहारातल्या गुन्ह्यात एकच माणूस क्वचितच असतो. साखळी असते. मग कोण किती दोषी? यासाठी महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे पुण्याची कॉसमॉस बँक.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. तुम्ही एटीएममध्ये कार्ड टाकता तेव्हा विनंती आधी बँकेच्या ‘स्विच’कडे जाते. स्विच मुख्य प्रणालीला विचारतो, या खात्यात पैसे आहेत का? ‘हो’ आलं तर एटीएम नोटा देतं. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून मधेच एक बनावट स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला विचारतच नव्हता, प्रत्येक विनंतीला स्वतःच ‘हो’ म्हणत होता. बाहेर माणसं क्लोन केलेली कार्डं घेऊन तयार होती. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून सुमारे अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, पैसे बँकेचे गेले, असं बँकेने तेव्हा सांगितलं.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. नऊ जणांना चार वर्षं, दोघांना तीन वर्षं. हे परदेशात बसून कोड लिहिणारे नव्हते, इथल्या साखळीतले होते. त्यांना मालवेअर म्हणजे काय हे कळत नसेलही. पण दुसऱ्याची बनावट कार्डं घेऊन एकामागून एक एटीएम रिकामं करणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

इथे कायद्याच्या दोन कल्पना कामाला येतात. एक, कट. म्हणजे दोन किंवा जास्त जणांनी गुन्हा करायचं ठरवणं. नव्या संहितेत कलम ६१. दोन, समान उद्देश. अनेकांनी मिळून एकाच उद्देशाने कृत्य केलं तर प्रत्येकजण जणू ते सगळं त्यानेच केल्यासारखा जबाबदार. कलम ३ चं पाचवं उपकलम.

हे आपल्या पोरांनी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. ‘तुझं बँक खातं आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे’ असं सांगणारे टेलिग्रामवर भरपूर आहेत. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते खातेदाराच्या दारात. मोठा मासा कंबोडियात असतो, पासबुक मात्र तुमच्या नावाचं असतं.

संगणक वापरून केलेल्या गुन्ह्यांना माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सुद्धा लागतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख वापरली तर ६६-सी, संगणक किंवा फोन वापरून दुसराच कोणी असल्याचं भासवून फसवलं तर ६६-डी. दोन्हींत शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

कंपनी आरोपी होऊ शकते का? चेक वटला नाही तर? ठेवी बुडाल्या तर?

कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही, पण आरोपी करता येतं आणि दंड करता येतो. २०१० च्या इरिडियम विरुद्ध मोटोरोला निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीचा कारभार चालवणाऱ्यांचा हेतू हाच कंपनीचा हेतू धरता येतो. उलट दिशेने मात्र आपोआप होत नाही. केवळ संचालक आहे म्हणून माणूस दोषी नाही, त्याचा स्वतःचा सहभाग दाखवावा लागतो किंवा कायद्यात तशी तरतूद असावी लागते, असं २०१५ च्या सुनील भारती मित्तल निकालात आहे.

चेक वटला नाही तर परक्राम्य लेख अधिनियमाचं कलम १३८. इथे तारखा पाळणं हेच सगळं काही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. म्हणून उधारीवर माल देताना तोंडी बोलीपेक्षा तारखेचा चेक घेतलेला केव्हाही बरा.

ठेवी बुडाल्या तर महाराष्ट्राचा खास कायदा आहे: ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा १९९९ चा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. यात संस्थेची आणि प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देता येते. २०१३ मध्ये एनएसईएल या कमोडिटी बाजारात सुमारे ५,६०० कोटी अडकले तेव्हाही हाच कायदा लावला गेला. ‘आम्ही फक्त ऑनलाइन व्यासपीठ आहोत, ठेवी घेत नाही’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये फेटाळला. पैसे किंवा माल घेतला आणि परत द्यायचं वचन दिलं तर ती ठेव, मग अॅप असो की दुकान.

पुरावा: तुमचा फोनच साक्षीदार

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. काकांकडे पुरावा होता, पण फोनची मेमरी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरली म्हणून डिसेंबरमध्ये दुकानवाल्याने तो रिसेट करून दिला. बॅकअप नव्हता. व्यापाऱ्याचं सगळं चॅट गेलं!

वाचवलं ते माझ्या चुलत भावाच्या फोनने. काकांनी आनंदाने तो स्क्रीनशॉट त्याला फॉरवर्ड केला होता, दुपारी १ वाजून १२ मिनिटांनी. आणि २४ क्विंटलच्या मेटॅडोरची काट्याची पावती होती त्याच दिवशी संध्याकाळी ४ वाजून ४० मिनिटांची. खोटं आधी, माल नंतर. क्रम सापडला.

पण न्यायालयात नुसती प्रिंटआऊट चालत नाही. याबाबतचा महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, सीडीवर. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर करता येत नसेल आणि नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागतंच. मूळ फोन किंवा लॅपटॉप मालकाने स्वतः न्यायालयात आणला तर वेगळी गोष्ट. आणि एखादी संस्था प्रमाणपत्र देत नसेल तर ते मागवून घ्यायला न्यायालयाला अर्ज करता येतो.

हे प्रमाणपत्र आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्याचे दोन भाग: ‘अ’ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. आणि त्यात एक रकाना आहे जो बघून मी खुर्चीतून उठलोच: फाईलची हॅश व्हॅल्यू!

हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ ही पद्धत कोणत्याही फाईलवरून, लहान असो की मोठी, ६४ अक्षरांचा एक ठसा काढते. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. ठशावरून फाईल परत बनवता येत नाही. म्हणून आज काढलेला ठसा आणि दोन वर्षांनी न्यायालयात काढलेला ठसा जुळला, तर मधल्या काळात फाईलला कोणी हात लावलेला नाही हे दिसतं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: फाईल बदलली नाही एवढंच हॅश सांगतो. तिच्यात लिहिलेलं खरं आहे की खोटं, ते सांगत नाही.

म्हणून हे करा:

१. चॅट डिलीट करू नका, फोन विकू किंवा रिसेट करू नका. वाद चालू असेल तर जुना फोन बाजूला काढून ठेवा.
२. चॅट एक्सपोर्ट करा, सोबतच्या फोटो-व्हिडिओसह. ईमेलवर आणि पेनड्राइव्हवर प्रत ठेवा.
३. फोटो क्रॉप करू नका, त्यावर गोल काढू नका. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा, खुणा दुसऱ्या प्रतीवर करा.
४. बँकेचं स्टेटमेंट शाखेतून शिक्क्यासह घ्या. ‘पैसे आले नाहीत’ याचा पुरावा तोच.
५. काट्याची पावती, गाडी नंबर, हमालाचं नाव लगेच लिहून ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून फोटो काढा.

तक्रार कशी लिहायची?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येऊ शकतात, म्हणून मिनिटं महत्त्वाची.

बाकी प्रकरणांत कथा कमी, तारखा जास्त. काय खोटं सांगितलं, कधी सांगितलं, त्यावर विश्वास ठेवून तुम्ही काय दिलं, खोटं होतं हे कधी कळलं. चार ओळी, चार वेळा, चार पुरावे.

२०१३ च्या ललिता कुमारी निकालानुसार दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो. मात्र व्यापारी व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून अशा तक्रारीत पहिलं पान फार महत्त्वाचं. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि पैशासाठी दिवाणी दावा वेगळा. तो साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, हे विसरू नका.

उलटही सांगतो. निव्वळ उधारी वसूल करायला खोटी फौजदारी तक्रार करू नका. दिवाणी वादाला फौजदारी रंग देण्याच्या वाढत्या सवयीवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी निकालात नाराजी व्यक्त केली होती. अशी प्रकरणं रद्द होतात आणि खऱ्या फसलेल्या माणसाकडेही मग संशयाने बघितलं जातं.

काकांचं काय झालं?

आम्ही दोन पानांचा अर्ज नव्याने लिहिला. तारखा, वेळा, बँकेचं स्टेटमेंट, काट्याची पावती, भावाच्या फोनमधली मूळ फाईल. शेजारच्या गावांतले आणखी काही शेतकरी सापडले, त्यांनाही तसेच स्क्रीनशॉट आले होते. या वेळी ठाण्यात अर्ज घेतला, चौकशी झाली आणि गुन्हा नोंद झाला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून फसलेल्या लोकांना वाटून द्यायची तरतूद आहे. वकिलांनी तीही सांगितली आहे. दिवाणी दावाही लावला.

पैसे? अजून नाहीत. मी खोटं सांगणार नाही. खटला चालू आहे आणि आरोपी दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल, मी नाही.

परवा काकांचा फोन आला. या वर्षीचा माल घेऊन ते खामगावच्या बाजार समितीत उभे होते. मागे लिलावाचा आवाज. व्यापाऱ्याने पैसे पाठवल्याचा मेसेज दाखवला होता म्हणे.

‘मंग?’ मी विचारलं.

‘मंग काय? म्हणलं थांब बाप्पा, आधी माह्यं खातं पाहू दे.’